दुपारच्या पोळ्या आणि नागपूरचा मे महिना

"ताई, माझं माहेर साताऱ्याचं. लग्नानंतर आम्ही पुण्यात होतो. यांची बदली झाली आणि गेल्या दिवाळीनंतर नागपूरला, मानेवाड्याला सासरी राहायला आलो. इथला हा माझा पहिलाच उन्हाळा. घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. यांना बुटीबोरीला कंपनीत जायचं असतं म्हणून सकाळी सातला डबा लागतो. सासरे ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, तरी भर दुपारी भाजी आणायला निघतात. त्यांना जेवायला ताटात गरम पोळी लागते, म्हणून बारा वाजता मी पुन्हा ओट्यापाशी. मुलगा नऊ वर्षांचा, दुपारभर खाली क्रिकेट. सासूबाई म्हणतात, खिशात कांदा ठेवा आणि फ्रिजचं पाणी पिऊ नका. या सगळ्यांना थंडावा राहील असं काय खायला-प्यायला देऊ? माझं म्हणाल तर दुपारी डोकं ठणकतं, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, मुलावर उगाच ओरडते आणि मग मलाच रडू येतं. पण ते काय, चालायचंच."
– एक वाचक, मानेवाडा

ताई,

तुमच्या पत्रात सासऱ्यांची गोळी आहे, मुलाचं क्रिकेट आहे, यजमानांचा डबा आहे. स्वतःबद्दल तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत आणि 'चालायचंच' म्हणून विषय संपवलात. मी मात्र तिथूनच सुरुवात करते. तुमच्या घरात उन्हाचा सगळ्यात जास्त त्रास सध्या तुम्हालाच होतोय, असं मला पत्र वाचून वाटलं.

डोकं ठणकणं, पायात गोळे, चिडचिड, रडू कोसळणं, हे सगळं एकाच कारणाने होऊ शकतं. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. तहान लागली की आपण पाणी पितो, पण मीठ भरून निघत नाही आणि मग स्नायू आखडतात. बऱ्याचदा हे गोळे काम आटोपून अंग सैल सोडल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री येतात. तुम्ही म्हणाल, मी तर उन्हात जातच नाही. जात नसाल, पण दुपारी बारा ते दीड तुम्ही कुठे उभ्या असता ते बघा. वर सकाळपासून तापत आलेली स्लॅब, समोर तवा, बाजूला वाफ सोडणारा कुकर. आणि पोळ्या करताना पंखा बंद, कारण गॅसची ज्योत हलते. आपल्याकडच्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. तो नुसता निथळत राहिला तर पाणी आणि मीठ तेवढं जातं, गारवा मिळत नाही. विदर्भातली मेमधली हवा कोरडी असते, त्यामुळे झाडाखाली वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचा घाम भराभर उडून जातो. तुमच्या स्वयंपाकघरात वाफ आहे आणि वारा नाही. ब्लाऊज पाठीला चिकटतो, कपाळावरून धारा लागतात, तरी अंग आतून तापतच राहतं. गाऊन नायलॉनचा असेल तर आणखी वाईट. आधी तो बदला; जुन्या, मऊ सुती कपड्यात स्वयंपाक करा.

शिवाय हा तुमचा इथला पहिला उन्हाळा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून 'इथल्या बायकांना काही होत नाही, तुलाच कसं होतं' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. साताऱ्याचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांची तुलना होत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एरवीही मेमध्ये ४४-४५ अंशांचं इथे कुणाला नवल वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. काय खायला द्यावं, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते आधी ठरवायचं ते स्वयंपाक कधी करायचा हे. काय करायचं ते नंतर. सगळं नागपूर उन्हाळ्यात आपल्या वेळा बदलतं. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीच्या सुमाराला उघडतात, त्या उन्हामुळेच. ऐन उन्हाळ्यात दुपारी कित्येक चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना तापलेल्या डांबरावर ताटकळावं लागू नये म्हणून. इतवारी, महाल या बाजारभागांतले रस्ते दुपारी ओस पडतात आणि संध्याकाळी पुन्हा भरतात. फक्त स्वयंपाकघराची वेळ तेवढी बदलत नाही. तिथे जानेवारीत बारा वाजता गरम पोळी होते आणि मेमध्येही बारालाच होते.

ती बदला. यजमानांच्या डब्यासाठी तुम्ही सहाला उठून कणीक मळताच. त्याच वेळी दुपारच्याही पोळ्या करून घ्या, भाजी थोडी जास्त टाका. पोळ्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की दुपारपर्यंत मऊ राहतात. भाकरी केली तर ती ताक-कांद्याबरोबर गारच छान लागते. भात, वरण आणि ओलसर भाज्या मात्र बाहेर ठेवू नका. या दिवसांत सकाळचा भात दुपारी ओट्यावर आंबतो आणि मग घरभर जुलाब-उलट्या. निवला की लगेच फ्रिजमध्ये. दुपारी दहीभात, काकडीची कोशिंबीर, कैरी-कांद्याची चटणी, एखाद्या दिवशी सातूचं पीठ किंवा कच्चा चिवडा. आठवड्यातून दोन-तीनदा ज्वारीची आंबील. पहाटे शिजवायची, पूर्ण निवल्यावर ताक, जिरेपूड, मीठ घालायचं आणि गार करून ठेवायची. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, तिन्ही एका वाटीत मिळतात.

सासऱ्यांना गरम पोळीच हवी असेल आणि घरात इंडक्शन असेल, तर ते हॉलमध्ये कूलरसमोर मांडा. तिथे ज्योत नाही, त्यामुळे वारा लागला तरी काही बिघडत नाही. तवा फक्त इंडक्शनवर चालणारा घ्या. दोन गरम पोळ्या तिथे बसून होतील.

हे घरात बोलायचं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. सासूबाईंशी वाद घालायला जाऊ नका, त्यांच्याकडे शिकायला जा. 'आई, तुमच्याकडे उन्हाळ्यात आंबील कशी करायचे, मला दाखवाल?' इथून सुरुवात करा. कूलर घरोघरी येण्याआधीचे उन्हाळे त्यांनीही चुलीपुढे किंवा स्टोव्हपुढे काढले असतील. त्यांच्या पायातही गोळे आले असतील, विचारून बघा. दुपारच्या ताटातला बदल त्यांच्या तोंडून आला तर बाबा लवकर ऐकतील. आणि यजमानांना हे पत्र वाचायला द्या. सकाळी कणीक मळणं, रात्री माठ भरणं हे त्यांनाही जमण्यासारखं आहे.

वाळवणाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मानेवाड्यात गच्च्यागच्च्यांवर सध्या कुरड्या-पापड पसरलेले असतील आणि तुमच्याकडेही बेत चालला असेल. गव्हाचा चीक पहाटेच शिजवा, सातच्या आत कुरड्या घालून खाली या. उलटवायला दुपारी वर जायची गरज नाही. इथल्या उन्हात त्या वाळायच्या राहत नाहीत. सूर्य कलल्यावर गोळा करा.

कूलरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुण्याहून आलेल्यांची इथे हमखास गडबड होते. एसी तीच हवा फिरवतो, म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून आत सोडतो. आत आलेली दमट हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली कोंदट होते आणि अंग चिकचिक करतं. त्यामुळे कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी. तुमच्या घरात ती हवा स्वयंपाकघराच्या वाटेने बाहेर काढता आली तर तुम्हालाही वारा लागेल. एकदा दारं उघडी-बंद करून बघा. गवत जुनं झालं असेल तर हंगामाच्या सुरुवातीलाच बदला. वाळ्याचं लावलंत तर वासही छान येतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासून वाळवा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. आणि पाणी भरताना प्लग काढायचा म्हणजे काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी इथल्या उन्हाळ्यात वाचायला मिळते आणि त्यात लहान मुलंही असतात. तुमच्या मुलाला ओल्या हाताने, अनवाणी कूलरजवळ जाऊ देऊ नका. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दिला तर घर बऱ्यापैकी कमी तापतं. ते जमलं नाही तर हिरवी जाळी बांधा, निदान स्वयंपाकघराच्या वरच्या भागावर.

बाबांना 'घरात बसा' म्हणू नका. रोज बाजारात जाणं, चार ओळखीचे भेटणं, घासाघीस करून भाजी आणणं यात त्यांचा जीव आहे आणि त्याने ते चालते-फिरते राहतात. वेळ तेवढी सकाळची करा. साडेसहा-सातला भाजी ताजी असते आणि ऊनही सोसवतं. डोक्याला ओला दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली एवढं असलं की झालं. या वयात तहान नीट कळत नाही, त्यामुळे 'तहान लागली की पिईन' यावर विसंबू नका. दर तासा-दीड तासाने त्यांच्या हातात पेला द्या. त्यांची बीपीची गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना नक्की विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात त्यामुळे अंगातलं पाणी आणखी घटतं आणि उठून उभं राहताना एकदम चक्कर येते. डोस बदलायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही आपल्या मनाने गोळी बंद करू नका. अंथरुणातून उठताना त्यांना दोन मिनिटं काठावर बसायला सांगा. हृदयाचा किंवा किडनीचा काही त्रास असेल तर पाणी किती प्यायचं हेही डॉक्टरांनाच विचारा.

यातूनच पुढची गोष्ट येते. घरात एकच मोठं भांडं भरून सगळ्यांना तेच प्यायला देणं बरोबर नाही. तुम्हाला मिठाची गरज आहे, बाबांना बीपीमुळे मीठ मोजून. तुम्हाला स्वतःला बीपी, साखर, किडनीचा त्रास नसेल तर पुढचे तीन-चार दिवस ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून दिवसभरात घोट घोट संपवा. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नका, प्रमाण बिघडतं. आणि कालवलेलं २४ तासांनंतर ओतून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. टेट्रापॅकमधलं गोड पेय ओआरएस समजून आणू नका. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, तरी लोकांच्या डोक्यात ते अजून बसलेलं आहे. पुढे रोजच्यासाठी मीठ-जिरं घातलेलं ताक आणि कैरीचं पन्हं पुरेसं आहे. पन्ह्यात साखर बरीच जाते, घरात कुणाला मधुमेह असेल तर लक्षात ठेवा. सारखी तहान लागते म्हणून नुसतं साधं पाणी तांब्यामागून तांब्या पीत राहू नका. पुरेसं पाणी जातंय का हे लघवीच्या रंगावरून कळतं. गर्द पिवळी असेल तर कमी पडतंय.

खिशातल्या कांद्याने ऊन टळत नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी ठेवायला हरकत नाही, पण 'कांदा आहे ना' म्हणून भर दुपारी कुणी बाहेर पडू नये. ताटातला कच्चा कांदा अवश्य खा. माठाचं पाणी उत्तमच. फ्रिजच्या पाण्याने कुणाला घसा धरण्याचा त्रास होत असेल तर त्याने टाळावं, पण उन्हातून आलेल्या तहानलेल्या माणसाला केवळ गार आहे म्हणून पाणी नाकारू नका.

मुलाचं क्रिकेट सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या. गाडीवरचं कापलेलं टरबूज आणि बर्फाचा गोळा नको, टरबूज अख्खं आणून घरी कापा.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. उन्हातून आलेला किंवा घरातच तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या, झटके आले, शुद्ध हरपू लागली आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल तर तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरीही. ताप ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेला असतो. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर बादलीने पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा. पॅरासिटॅमॉल देऊ नका. तो ताप आजाराचा नसतो, गोळीने उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, पन्हं, काहीही घालू नका. तळपायाला कांद्याचा रस चोळत बसण्यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत उन्हाळ्यात यासाठी वेगळी व्यवस्था असते.

आता रडण्याबद्दल आणि ओरडण्याबद्दल. तुम्ही वाईट आई झालेल्या नाही आहात. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, वरच्या मजल्यावर बारा-एकपर्यंत डोळा लागत नाही आणि सहाला पुन्हा उठायचं. अशी झोप आठवडेच्या आठवडे तुटली तर कुणाच्याही तोंडून शब्द निसटतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारता आलं तर मारा, झोपायच्या आधी आंघोळ करा, केस आणि मान ओली ठेवा, पंख्याखाली ओलसर सुती चादर घ्या. शक्य असेल तर मच्छरदाणी लावून गच्चीवर झोपा. मुलाला तर ते फार आवडेल. आणि दुपारचा स्वयंपाक सुटला की मिळालेल्या वेळात कूलरसमोर आडव्या व्हा. दिवसा झोपू नये असं सांगणाऱ्या आयुर्वेदानेही ग्रीष्मात दुपारची झोप चालते असं म्हटलं आहे, कारण रात्री लहान असतात. सासूबाईंना हे सांगितलंत तर त्याही तुमच्या शेजारी आडव्या होतील.

२५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे ऐन कडक उन्हाचे नऊ दिवस लागतील, तेव्हा जास्त जपा. दिवसा पारा चाळिशीपार असताना नुसत्या पंख्याखाली कोरड्या अंगाने बसून राहू नका, तो गरम हवाच अंगावर फेकतो. अंग किंवा कपडा ओला ठेवा. जूनमध्ये पहिले एक-दोन शिडकावे झाले की मात्र गणित उलटतं. पारा उतरतो, पण हवा दमट होते, कूलरने अंग आणखी चिकटतं आणि घाम वाळत नाही. तेव्हा कूलरमधलं पाणी बंद करून नुसता त्याचा पंखा लावा. पाऊस आला म्हणून ताक-पन्हं लगेच थांबवू नका.

वेळ बदलून आणि मीठ-पाणी नीट घेऊनही आठवडाभरात पायातले गोळे कमी झाले नाहीत, किंवा डोकेदुखीबरोबर उलटी, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असं काही सुरू झालं, तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासून घ्या. बाबांना बीपी दाखवायला नेणार आहातच, त्याच फेरीत स्वतःचाही केसपेपर काढा.